बेडकाचे वय किती?

बैलाचे वय दात पाहून कळते, झाडाचे खोडातील वलयांवरून. बेडकाचे कशावरून? "आकारावरून!" असे उत्तर आमच्या वर्गात एकमुखाने आले होते, आणि आम्ही सारे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी! (वर्गातील कन्नड मित्र हल्ली मला 'कप्पे' म्हणूनच हाक मारतात, ते वेगळे.)

बेडूक वयात येईपर्यंत झपाट्याने वाढतो, मग त्याची वाढ मंदावते. ज्या साली खाणे भरपूर, त्या सालचे पिल्लू लवकर थोराड दिसते. त्यामुळे दोन वर्षांचा धष्टपुष्ट बेडूक आणि चार वर्षांचा बेताचा बेडूक शेजारी ठेवले, तर मोजपट्टी काहीच सांगू शकत नाही.

खरा जन्मदाखला असतो हाडात. पावसाळ्यात हाड वाढते. कोरड्या दिवसांत बेडूक मातीत दडून बसतो, वाढ थांबते आणि हाडावर एक बारीक रेषा उमटते. बोटाच्या पेराचे हाड आम्लात मऊ करायचे, मेणात बसवून त्याच्या पातळ चकत्या काढायच्या, त्या रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेषा मोजायच्या. थंड मुलखातल्या बेडकांत हिवाळ्यामुळे या रेषा ठळक असतात. आपल्या उष्ण प्रदेशात त्या उमटतात का, ही शंका होती. आपल्या शेजारच्या धारवाडला, कर्नाटक विद्यापीठात, कुंबार आणि पंचरत्न यांनी त्या शोधल्या. लहानशा मायक्रोहायला ऑर्नाटा बेडकाच्या वयावरील त्यांचा निबंध 2001 साली प्रसिद्ध झाला. मात्र हा दाखलाही थोडा कुरतडलेला असतो. हाड आतल्या बाजूने झिजत जाते, आणि पहिल्या वर्षाची रेषा कधी कधी त्यात पुसली जाते.

आता अडचण अशी, की पेर मिळवायचे तर बोट कापावे लागते. खूण म्हणूनही पूर्वापार बोटच कापत आले आहेत. पण मॅकार्थी आणि पॅरिस यांनी 2004 साली दाखवून दिले, की पहिल्यानंतर कापलेल्या प्रत्येक बोटागणिक तो बेडूक पुन्हा सापडण्याचा संभव घटतो. म्हणजे किती जगतात हे पाहायला जायचे आणि त्यांचे जगणेच अवघड करायचे! शिवाय मोठा बेडूक कायद्याने संरक्षित; परवानगीवाचून त्याच्या बोटाला हात लावता येत नाही. मी वयाचा नाद सोडला आणि जगण्याचा हिशेब धरला.

गेले दोन पावसाळे मी सुरतेला मावशीकडे, उधन्यापलीकडे, राहिलो. चाळीमागे एका मोकळ्या जागेत पाणी साचते. पहिल्या जोराच्या पावसात मोठ्या बेडकांचे नर हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याच्या पिशव्या निळ्या, आणि ओरडा असा की काकांना यंत्रमागाची आठवण व्हावी. तो पिवळा रंग उतरला की पाठीवरचे ठिपके नीट दिसू लागतात. प्रत्येकाची नक्षी निराळी. मी रात्री विजेरी आणि मोबाईल घेऊन फोटो काढी. चाळीतली मुले "देडको! देडको!" करीत मागे येत.

दुसऱ्या वर्षी बरेच जुने चेहरे दिसले नाहीत. "मेले असतील," काका म्हणाले. मावशीला ते पटले नाही. तिच्या चाळीत खानदेशातली बिऱ्हाडे पुष्कळ. 2020 च्या टाळेबंदीत माग थांबले आणि निम्मी चाळ गावी गेली. काही दिवाळीनंतर परतले, काहींनी शेती धरली, एक बिऱ्हाड पुढे पांडेसरात निघाले. "कुलूप दिसलं म्हणून माणूस गेला असं म्हणायचं का रे?" मावशी म्हणाली. शेजारचे नाना मात्र आले नाहीत, त्यांची खबरही नाही. त्यांच्या नावाने बँकेचे पाकीट आले की मावशी ते घेऊन डब्यात ठेवते.

शास्त्र मावशीच्या बाजूने आहे. समजा, 40 बेडकांचे फोटो काढले आणि पुढच्या वर्षी त्यांतले 10 दिसले. याचा अर्थ 30 मेले असा होत नाही. इथे तिसरे वर्ष उपयोगी पडते. जे पहिल्या आणि तिसऱ्या वर्षी दिसले, ते दुसऱ्या वर्षी नक्की जिवंत होते. त्यांतले दुसऱ्या वर्षी किती दिसले होते? निम्मेच दिसले असतील, तर आपली नजर निम्म्यांनाच टिपते. मग त्या 10 च्या जागी 20 धरायचे. 1965 साली जॉली आणि सेबर यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या गणिताचा गाभा एवढाच. कायमचा दुसऱ्या डबक्यात गेलेला बेडूक मात्र या गणितालाही मेलेलाच वाटतो. तिथे पांडेसरापर्यंत चालत जाण्याला पर्याय नाही.

हा हिशेब निव्वळ हौसेचा नाही. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 साली बंद केली, तोवर टनांनी बेडूक परदेशी जात होते. एक बेडूक गेल्यावर त्याची जागा भरायला किती पावसाळे लागतात, याचा विचार त्या धंद्यात कोणी केला असेल असे मला वाटत नाही.

तिसऱ्या पावसाळ्यासाठी मी जूनमध्ये जाणार आहे. त्या मोकळ्या जागेच्या एका कडेने डबर टाकणे सुरू झाले आहे; अर्धी बाजू शिल्लक आहे, असे काकांनी फोनवर सांगितले. पाठीवर उलट्या स्वल्पविरामासारखा डाग असलेली एक मादी पहिल्या वर्षी तीनदा दिसली होती, दुसऱ्या वर्षी एकदाही नाही. वहीत तिच्यापुढे मी फुली मारलेली नाही. रकाना कोरा ठेवला आहे.