आजीचा एकुलता एक फोटो

बालमित्रांनो, तुमच्या घरी जुने फोटो कुठे ठेवलेले आहेत? कुणाकडे अल्बम असेल, कुणाकडे भिंतीवर चौकटीत टांगलेले असतील. आमच्याकडे ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात. मोजून अकरा फोटो. पण त्या अकरांत आमच्या घराची तीन पिढ्यांची गोष्ट सामावली आहे, बरं का!

त्यातला सर्वांत लहान फोटो माझ्या आजीचा. पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा. आजीने आयुष्यात स्वतःहून कधी फोटो काढला नाही. हा काढावा लागला, कारण तो बिडी कामगाराच्या ओळखपत्रावर लावायचा होता. डोक्यावर पदर, डोळे मोठ्ठे केलेले आणि ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी मला वाटायचं, आजी फोटोवाल्यावर रागावली असावी. पण ती म्हणायची, "रागावली नाही ना बाप्पा! त्यानं हालू नको म्हटलं, तं मी श्वासच धरून ठेवला!"

आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाची शेती, तलाव आणि जंगल. जंगलात तेंदूची झाडं. उन्हाळ्यात पहाटे उठून बायामाणसं तेंदूपत्ता तोडायला जातात आणि सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. या पानांच्याच बिड्या होतात. धानाचं काम संपलं की घरात दुसरी मिळकत नसायची. म्हणून आजीसारख्या कितीतरी बाया ओसरीत बसून बिड्या वळायच्या.

हे काम दिसतं सोपं, पण आहे फार किचकट. आदल्या रात्री पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळायची. सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने तेवढाच तुकडा कापायचा. मांडीवरच्या सुपात तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानात घालून वळायचं, दोऱ्याने बांधायचं आणि तोंड दुमडायचं. अशा पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. मजुरी मिळायची हजार बिड्यांवर. म्हणजे चाळीस कट्टे झाले तेव्हा कुठे हजार! त्यातही ठेकेदाराने काही बिड्या खराब म्हणून बाजूला टाकल्या, की तेवढी मेहनत फुकट जायची. तंबाखूच्या धुळीने आजीला खोकला जडला. ती आम्हाला जवळ फिरकू देत नसे. "तुमी पाटी धरा. हे सूप माह्यासंगच जाऊ द्या," असं ती म्हणायची.

मग त्या ओळखपत्राचा उपयोग काय? बिडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ साली केंद्र सरकारने कायदा केला. त्या निधीतून कामगारांना दवाखान्याची सोय आणि त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. ओळखपत्र दाखवलं, की ही बाई खरोखर बिडी कामगार आहे हे सिद्ध व्हायचं. माझ्या बाबांची वह्या-पुस्तकं त्या शिष्यवृत्तीतून आली. म्हणजे आजीने क्षणभर श्वास धरला आणि आमच्या घरात शाळा आली! मला तर अकरा फोटोंत तोच सर्वांत मोठा वाटतो.

आजीचं मात्र त्या फोटोविषयी एक गाऱ्हाणं होतं. ती म्हणायची, "तोंडाचा कायले काढला? माह्या हाताचा काढाले पायजे होता!" खरंच, तिच्या बोटांना तेंदूच्या पानांचा तपकिरी रंग कायमचा चढला होता. तो फोटोत कुठेच दिसत नाही.

डब्यातला दुसरा एक फोटो माझ्या आईच्या माहेरचा. गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. मातीचं घर, ओसरीत बसलेली नऊ माणसं, मागे चिंचेचं झाड. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर शेतीला पाणी द्यायचं, अशी ती योजना. पण धरणात पाणी साठायचं, तर काठची गावं उठवावी लागणार. मामांचं गावही उठलं. आता त्या जागी पाणीच पाणी आहे. मामा फोटोवर बोट ठेवून सांगतात, "हे पाहा, इथं आमची विहीर होती." धरण हवं होतं, हे त्यांना कळतं. तरी त्यांचं बोट त्या विहिरीवरून लवकर हलत नाही.

मुलांनो, फोटो फार नाजूक असतो. जुन्या कृष्णधवल फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीचे अगदी सूक्ष्म कण असतात. त्यांनीच चित्र बनतं. ओल लागली की जिलेटिन फुगतं आणि फोटो एकमेकांना चिकटतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या कितीतरी घरांत पाणी शिरलं. धान्य, कपडे पुन्हा घेता येतात. फोटो मात्र बाजारात मिळत नाही. म्हणून फोटो कोरड्या आणि उंच जागी ठेवा. मोबाईलवर त्याची प्रत काढून ठेवा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहा. नाहीतर पन्नास वर्षांनी तुमच्याच पणजोबांना घरात कुणी ओळखणार नाही!

एकदा वर्गात मी हे सांगत होतो, तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्या घरी जुना फोटोच नाही." दुसऱ्या दिवशी तो कागदात गुंडाळून काहीतरी घेऊन आला. उघडून पाहिलं, तर त्याच्या आजीचा पत्र्याचा फर्मा. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. वर्गातली सगळी मुलं त्यावरून बोट फिरवून पाहू लागली.

तेव्हा या रविवारी आजी-आजोबांजवळ बसा. फोटो असेल तर फोटो, नसेल तर जुना विळा, जातं, रेशनकार्ड, काहीही पुढे ठेवा आणि विचारा, "हे कधीचं?" आई-बाबांनीही शेजारी बसावं. त्यांनाही बऱ्याच गोष्टी ठाऊक नसतात! आणि हो, जे ऐकाल ते वहीत लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत, तोवरच हे विचारता येतं.