बलू आणि भाईजान

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या वाचनालयाची पाटी मी संगणकावर केली. वर मराठीत ‘वाचनालय’, खाली उर्दूत ‘कुतुबखाना’. छापून आली तेव्हा मराठी अक्षरं ठसठशीत आणि उर्दू बारीक, दाराशी अवघडून उभ्या पाहुण्यासारखी. पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, उर्दू एवढी बारीक का?” मी गप्प.

मग ‘बलू’ हा फॉन्ट मिळाला. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला, गुबगुबीत, गोल टोकांचा, सर्वांना मोफत. त्याची भावंडंही आहेत: गुजरातीचा ‘भाई’, गुरुमुखीचा ‘पाजी’, मल्याळमचा ‘चेट्टन’ आणि आपल्या उर्दूचा ‘भाईजान’. लिप्या वेगळ्या, पण अंगकाठी एकच. शेजारी ठेवल्या तर कुणी कुणाला झाकत नाही.

अम्मीला मात्र भाईजान पटला नाही. “हे तर अरबीसारखं दिसतंय,” ती म्हणाली. खरंच होतं. तिची नजर नस्तालीकच्या तिरक्या उतरणीवर वाढलेली. भाईजान नस्ख वळणाचा, सरळ ओळीत चालणारा. म्हणून धडे आणि गझला मी नस्तालीकमध्येच ठेवतो. एकदा पालकांची सूचना बलूच्या जाड अक्षरांत बारीक छापली, तर जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजून काळे ठिपके झाले. हा फॉन्ट पाटीचा, मथळ्याचा, लांबून वाचायचा.

नवी पाटी लागली. त्याच मुलीने दोन्ही शब्दांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “आता बराबर आहे, सर.”