पुडींतली भेळ

भेळ खावी तर ती गाडीपाशीं उभें राहूनच, असें माझ्या एका स्नेह्यांचें ठाम मत आहे. घरीं आणलेली भेळ म्हणजे त्यांच्या मतें गवसणींतला तंबोरा. असतो खरा, पण वाजत नाहीं. या बाबतींत मी त्यांच्याशीं अनेक वर्षें वाद घालीत आलों आहें. माझें बालपण पुण्यांत, सदाशिव पेठेंतल्या एका वाड्यांत, चौदा-पंधरा माणसांच्या कुटुंबांत गेलें. रस्त्यावर उभें राहून तोंड हलविणें हा गुन्हा त्या घरांत चोरीच्या खालोखाल मानला जाई. तेव्हां भेळ खायची तर ती घरीं आणूनच, हें आम्हां मुलांना कोणी शिकवावें लागलें नाहीं.

आणि घरीं आणण्याचेंही एक शास्त्र आहे. चुरमुरा म्हणजे तापल्या वाळूंत फुललेला तांदूळ. त्याच्या अंगीं हवाच अधिक. पाण्याचा थेंब दिसला कीं तो आधाशासारखा पिऊन टाकतो आणि थोड्याच मिनिटांत त्याचा लोळागोळा होतो. गाडीवर कालवून घेतलेली भेळ म्हणूनच घरीं पोंचेपर्यंत मलूल होते, आणि दोष मात्र बिचाऱ्या भेळवाल्याला लागतो. भेळ आणावी ती सुटी. चुरमुरे आणि फरसाण एका पुडींत, शेव निराळी, चिंचगुळाचें पाणी आणि हिरवी चटणी आपल्या भांड्यांत. भांडें काचेचें असावें; कल्हई उडालेल्या पितळेंत आंबट कळकतें. कांदा, कोथिंबीर, कैरी हीं घरीं ताजीं चिरावीं. मग परातींत आधीं कोरडे जिन्नस, त्यांवर कांदा, पाणी सर्वांत शेवटीं आणि शेव त्याहूनही शेवटीं. मटकीची उसळ घातलेली ओली भेळ आमच्या गांवांत पुष्कळांना प्रिय आहे. मला ती उसळच वाटते. पुणेकर वाचकांनीं क्षमा करावी.

आमच्या वाड्यांत मात्र गाडीवरून चुरमुरे आणि शेव एवढेच दोन जिन्नस येत. याचें कारण आत्या. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षीं कपाळ पांढरें होऊन ती माहेरीं परत आली, आणि मला समजूं लागलें तेव्हां ती पन्नाशींत होती. स्वयंपाकघर तिचें. कोरडें तें चालेल, पाणी लागलें कीं खरकटें, असा तिचा निर्णय. शेवेचें पीठही पाण्यानेंच भिजवितात, हें थोरल्या काकांनीं एकदां तिच्या नजरेस आणलें. त्यावर तिनें, “तेलांत तळलें कीं दोष जातो,” असा निकाल देऊन शेव वांचविली. तिला स्वतःला शेवेचा कण वर्ज्य होता. वांचविली ती आमच्यासाठीं.

चिंचगुळाचें पाणी ती घरीं करी. चांगलेंच करी. पण १९६४ सालीं, मी दहा वर्षांचा असतांना, एका रविवारीं पाहुण्यांसमक्ष मी म्हणालों, “आत्या, तुझ्या पाण्याला गाडीची चव नाहीं.” सगळे हंसले. तीही हंसली.

पुढल्या शनिवारीं दुपारीं तिनें मला परसांत बोलाविलें. हातावर चार आणे ठेवले. नवे पैसे १९५७ सालींच आले होते, पण आत्येचे आणे कांहीं सुटले नव्हते. दुसऱ्या हातांत लोणच्याची रिकामी काचेची बरणी दिली. “गाडीवरचें पाणी आण. आणि बाळ, कोणाला सांगूं नकोस.”

मी धांवतच गेलों. बरणी पंचाखालीं झांकून आणली. न्हाणीघराच्या आडोशाला उभी राहून तिनें करंगळीचें टोक पाण्यांत बुडविलें आणि जिभेला लावलें. डोळे मिटले. “खजूर आहे रे यांत,” ती म्हणाली, “आणि पादेलोण.” मग बरणी मोरींत रिकामी केली, चूळ भरली, आणि भर दुपारीं पुन्हां स्नान केलें.

दुसऱ्या दिवशींचें पाणी असें झालें कीं परात पुसून निघाली. काका म्हणाले, “आज गाडीवरून आणलें वाटतें?” आत्या गप्प होती. मला मात्र राहवेना. एवढें मोठें गुपित, आणि तें ठाऊक असलेला मी एकटा! मी ओरडून सांगितलें, “आत्येनें गाडीवरचें चाखून पाहिलें!”

काका पुन्हां हंसले. त्यांत दुष्टावा नव्हता. आजी मात्र हंसली नाहीं. दिवस चातुर्मासाचे होते. दुसऱ्या दिवसापासून नैवेद्याचा स्वयंपाक आजीनें काकूंकडे दिला, आणि चातुर्मास संपेपर्यंत आत्या भाज्या चिरून देण्यापुरती चुलीपाशीं येत राहिली. सकाळचे ते दोन तास तिचे होते. दिवसभरांत तिला कोणी कांहीं विचारीत असेल तर तें त्याच दोन तासांत.

तिनें मला बोल लावला नाहीं. भेळेचें पाणीही ती पुढें खजूर घालूनच करी. पण १९७९ सालीं ती गेली तोंपर्यंत “कोणाला सांगूं नकोस” असें तिनें मला पुन्हां म्हटलें नाहीं.

आतां तो वाडा नाहीं. भेळ भ्रमणध्वनीवरून मागवितां येते आणि स्कूटरवरचा मुलगा ती दारांत आणून देतो. वर्तमानपत्राच्या पुडीचा वासही गेल्यांतच जमा. छपाईच्या शाईमुळें अशा कागदांत खाद्य बांधूं नये, असें अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानें २०१६ सालीं बजाविलें, तें योग्यच केलें; तेलकट कागदावर अर्धवट उरलेली बातमी वाचण्याची गंमत तेवढी गेली. २०२० सालच्या टाळेबंदींत गाड्याच बंद होत्या. त्या उन्हाळ्यांत आम्ही घरीं खजूर भिजवून पाणी केलें, आणि खजुराची युक्ति कोणाची, असें नातीनें विचारलें. मीं तिला हें सगळें सांगितलें.

तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “आजोबा, पण त्यांना तें पाणी आवडलें का?”

खजूर आणि पादेलोण मला आठवत होतें. हें मात्र मीं आत्येला कधीं विचारलें नव्हतें. तोंवर नातीनें पाण्याचें भांडें परातींत कलतें केलें होतें. शेव अजून पुडींतच होती, आणि ती तशीच थोडा वेळ राहूं दे, असें मीं तिला सांगितलें.