काटे आणि काच

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर आज उडायला शिकणाऱ्या मुलांसमोर काचेचे दोन पडदे असतात. गार्मिन जी-१०००. वेग, उंची, दिशा, क्षितिज, नकाशा, इंजिनाची प्रकृती, सगळं रंगीत आणि नेमकं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ही धावपट्टी. राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आली आणि तिच्यावर डायमंडची विमानं दिसू लागली.

आमची पिढी काट्यांवर वाढली. आधी पुष्पक. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, कापडी पंखांचं दोन आसनी विमान. पॅनेलवर वेगाचा काटा, उंचीचा काटा, वळण दाखवणारी सुई नि तिच्याखाली नळीत सरकणारी काळी गोटी, आणि द्रवात डोलणारा कंपास. पुढे सेसनात क्षितिज दाखवणारा हॉरायझन मिळाला तेव्हा श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. इंजिनावरचा पंप हवा ओढायचा आणि त्या हवेवर हॉरायझनच्या आतली वेगवान चकती, म्हणजे गायरो, फिरायचा. उतरून इंजिन बंद केलं तरी तो बराच वेळ गुणगुणत राही. बेअरिंग झिजलं की त्या आवाजात खरखर यायची, आणि जुने मेकॅनिक पॅनेलला कान लावून ती ओळखायचे. त्या माणसांची मला फार आठवण येते.

पंप मात्र न सांगता जायचा, आणि खरा धोका त्यानंतर असायचा. गायरो एकदम थांबत नाही. मंदावतो आणि हळूहळू कलतो. वैमानिक त्याच्यावर विश्वासून विमानही कलवत नेतो. म्हणून इन्स्ट्रक्टर हॉरायझनवर कागद चिकटवायचे आणि म्हणायचे, ‘चल, आता सुई, गोटी आणि वेगावर घरी ने.’ घाम फुटायचा. पण एका काट्याचं खरं-खोटं दुसऱ्याला विचारायची सवय त्या कागदानं लावली. नवेगावच्या जंगलावर अमावास्येच्या रात्री खाली दिवा नसतो, वर-खाली काळोख एकच होतो. तिथे शरीराला जे वाटतं त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

ही सवय किती मोलाची, ते १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईनं पाहिलं. एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि काही क्षणांत वांद्र्यापुढच्या समुद्रात गेलं. २१३ माणसं गेली. कॅप्टनसमोरचा हॉरायझन बिघडला होता, असं चौकशीत निघालं. त्याच कॉकपिटमध्ये त्याला पडताळायला इतर उपकरणं होती.

अशाच पडताळणीसाठी डायमंडच्या पॅनेलवर काचेच्या जोडीला वेग, उंची आणि क्षितिजाची सुटी उपकरणं राखून ठेवलेली असतात. ती निवड कारखान्यानं केलेली असते. स्वतः विमान बांधणाऱ्याला ती स्वतःच करावी लागते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं. तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांनाही हे स्वप्न आवाक्यातलं वाटू लागलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

त्या पोरांना बाजारात आज गार्मिनचं जी-५ हे इलेक्ट्रॉनिक क्षितिज-उपकरण मिळतं. गायरोच्या जागी छोटीशी चिप, स्वतःची बॅटरी, आणि बसतं मात्र जुन्या डायलच्याच ३ १/८ इंची गोल भोकात! ते पाहून मला भरून येतं. घ्यावं जरूर. पण मुख्य पडदा आणि बॅकअप एकाच कंपनीचे असतील तर एकाच प्रकारची चूक दोघांकडून होऊ शकते, म्हणून मी दुसऱ्या कंपनीचं घेईन. बॅटरी दर उड्डाणाआधी तपासेन. शेजारी साध्या काट्याचा अल्टिमीटर आणि वेगमापक ठेवेन, कारण त्यांना वीज लागतच नाही. हवेचा दाब पुरतो. कंपास तर हवाच.

आणि दुसरी पिटो ट्यूब, म्हणजे वेग मोजायला समोरची हवा घेणारी नळी, बसवेन, पंखावर जरा लांब. आपल्याकडे कुंभारीण माशी चार दिवस उभ्या विमानाच्या नळीत मातीचं घर करते. नळी एकच असेल आणि तीच बुजली, तर वेगाच्या बाबतीत काटा आणि काच दोन्ही सारखंच खोटं बोलतील.