चार्ल्स सिटीचे अवजड ट्रॅक्टर

मॅडिसनवरून येणारा 18 नंबरचा हायवे प्रेअरी दु शीनला मिसिसिपी ओलांडून आयोवात शिरतो. तिथून सीडर नदीकाठच्या चार्ल्स सिटीपर्यंत मका आणि सोयाबीन, दुसरं काही नाही. चार्ल्स हार्ट आणि चार्ल्स पार यांचा कारखानाही मॅडिसनहूनच इकडे आला. दोघं विस्कॉन्सिन विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकले आणि 1897 मध्ये त्यांनी तिथेच पेट्रोल इंजिनं बनवायला घेतली. धंदा वाढवायला पैसा मिळाला तो मात्र हार्टच्या या गावात. नवं शतक उजाडताना कारखाना इथे हलला आणि लवकरच पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला.

त्या काळी मोठ्या शेतांवर वाफेची इंजिनं होती. त्यांना कोळसा लागे, पाण्याची गाडी लागे, आणि मळणीच्या वेळी ठिणगी उडून गंजी पेटायची धास्ती कायमची. हार्ट आणि पार यांचा ट्रॅक्टर हा त्यांना पर्याय होता.

गावातल्या संग्रहालयात हार्ट-पार आणि पुढच्या ऑलिव्हर कंपनीचे ट्रॅक्टर जपलेत. मला सगळ्यात भावला तो 30-60 या मॉडेलमागचा विचार. वजन सुमारे 9 टन. दोनच सिलिंडर, पण एकेकाचा व्यास 10 इंच. फेरे मिनिटाला जेमतेम 300. नांगराला 30 अश्वशक्ती, यंत्रं फिरवणाऱ्या पट्ट्यावर 60. पुढे रेडिएटरच्या जागी चौकोनी मनोरा, आणि त्यात पाण्याऐवजी तेल. उत्तरेच्या थंडीत पाणी गोठून इंजिन फुटतं, तेल फोडत नाही. मनोऱ्यात पंखा नाही. इंजिनाचा धूर त्यातूनच वर सोडलेला, त्याच्या ओढीने खालून गार हवा खेचली जाते. ‘ओल्ड रिलायबल’, भरवशाचा म्हातारा, हे नाव त्याने कमावलेलं आहे.

डाकोटा आणि कॅनडाची कोरी माळरानं फोडायला असली धुडं हवीच होती. जमीन एकदा फुटली, की लहान शेतकऱ्याला ती परवडेनात. 1917 मध्ये हार्ट बाहेर पडला आणि कंपनी हलक्या ट्रॅक्टरकडे वळली. 1929 मध्ये ती ऑलिव्हरमध्ये विलीन झाली, आणि 1993 मध्ये इथला कारखाना कायमचा बंद पडला.

1903 चा हार्ट-पार ‘क्रमांक 3’ ट्रॅक्टर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मान मोठाच, पण तो ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ओतला, ठोकला, जुळवला, त्यांच्या गावातच तो असायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.