मिशीवाली माशी

माशी म्हटलं की आपण हात झटकतो. आमच्या घरी मात्र माशी दिसली की चिरंजीव भिंग शोधतात! मी पडलो कॉम्प्युटरवाला. इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करून 2008 साली जोहान्सबर्गला आलो, तेव्हा किड्यांशी माझा संबंध प्रोग्रॅममधल्या ‘बग’पुरताच होता.

मुलाला नाद लागला तो रॉबर फ्लायचा. नावाप्रमाणेच दरोडेखोर! उडता कीटक पकडायचा, सोंड खुपसून विषारी लाळ सोडायची आणि आतला रस शोषून घ्यायचा. जगात हिच्या सात हजारांवर जाती आहेत. जीनस ओळखायचा म्हणजे आडनाव ओळखण्यासारखंच. आफ्रिकेतली ही आडनावं लावण्यात पीटरमॅरिट्झबर्गच्या नाताळ म्युझियममधले डॉ. जेसन लाँट यांनी कित्येक वर्षं घालवली. 2017 साली आलेल्या ‘मॅन्युअल ऑफ आफ्रोट्रॉपिकल डिप्टेरा’मध्ये त्यासाठी तक्ताच दिलेला आहे. तो म्हणजे चक्क आमचं ‘इफ-एल्स’! हे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे.

त्यातले शब्द मात्र आम्हा दोघांनाही जड. म्हणून आम्ही त्यांचं मराठीत बारसं केलं. तोंडावरच्या राठ केसांना शास्त्रज्ञ ‘मिस्टॅक्स’ म्हणतात. ग्रीकमध्येही अर्थ मिशीच! दोन डोळ्यांमध्ये माथ्यावर खोलगट ‘खाच’. मिशी आणि खाच दिसली की घराणं नक्की. मग आडनाव. पंखाच्या शिरांमध्ये पुढच्या टोकाकडे ‘घरं’ असतात. बहुतेकींना दोन, प्रोमॅकसला तीन. काडीसारख्या लेप्टोगॅस्टरच्या पायांना टोकाशी ‘गाद्या’ नसतात.

रंगावर मात्र जाऊ नये. हायपरेकिया ही आफ्रिकेतली माशी हुबेहूब लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यासारखी, काळी आणि गुबगुबीत. शिवाय तिच्या अळ्या त्याच भुंग्यांच्या अळ्या खातात! पण पंख मोजा: भुंग्याला चार, हिला दोन.

मंडळाच्या मराठी वर्गात ‘ळ’ म्हणायला तोंड वाकडं करणारा आमचा मुलगा आता ‘केसाळ’ आणि ‘अळी’ स्पष्ट म्हणतो. त्याला कुणी शिकवलं नाही, त्याला त्या शब्दांची गरज पडली, एवढंच.

प्रोमॅकस भारतातही असते, हे कळल्यापासून सांगलीची आजीही कामाला लागली आहे. पूर्वी फोनवर ‘जेवलास का?’ आणि ‘हो’ एवढंच व्हायचं. आता पेपर वाचायचं भिंग घेऊन ती अंगणात जाते, आणि हा इथून विचारतो, “आजी, नीट बघ ना! घरं दोन की तीन?”