ढोलीतला वास

उन्हाळ्यातल्या उबदार दुपारी स्वीडनमधल्या एखाद्या म्हाताऱ्या ओकखाली पिकल्या पीचचा वास दरवळतो. पीचचं झाड आसपास नसतं. वर ढोलीच्या तोंडाशी तीनेक सेंटिमीटरचा काळसर तपकिरी भुंगेरा बसलेला असतो, आणि हा वास त्याचा. मादीला बोलावण्यासाठी हा नर पीचच्या गंधातलंच द्रव्य हवेत सोडतो. त्याच वासाचा माग काढत एक तांबूस भुंगेराही येतो. त्याच्या अळ्या याच्या अळ्या खातात. प्रियेला धाडलेलं बोलावणं वैऱ्याच्या हाती पडावं, याचा मला चटका लागतो.

हा युरोपातला संन्यासी भुंगेरा, ओस्मोडर्मा एरेमिटा. पंख फुटल्यावर जेमतेम काही आठवडे जगतो. खरं आयुष्य अळीचं. ढोलीच्या पोटातल्या ओलसर भुशात तीन, कधी चार वर्षं. ती अळी पाहून आपला ऊसवाला शेतकरी दचकेल, इतकी ती हुमणीसारखी: पांढरी, गलेलठ्ठ, अर्धगोल वळलेली. दोघींचं कूळही एकच. पण ही जिवंत मुळांना तोंड लावत नाही. बुरशीनं मऊ केलेलं लाकूड खाते, ढोली आतून रुंदावते आणि आपल्या विष्ठेनं तिथला भुसा कसदार करते.

अशी ढोली व्हायला ओकला दीड-दोनशे वर्षं लागतात. आणि भुंगेरा घर सोडायला नाखूश! स्वीडनमध्ये खुणा करून सोडलेल्यांपैकी शंभरातले पंधराएकच जन्माचं झाड सोडून गेले. म्हणजे एक पोकळ ओक तोडला, की पिढ्यानपिढ्यांची वस्ती उठली.

1992 पासून युरोपीय संघाचं त्याला कायदेशीर संरक्षण आहे. तरी जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये नव्या रेल्वे स्थानकासाठी राजबागेतली झाडं काढायची निघाली, तेव्हा या एका किड्यापायी एवढं काम अडवायचं का, असं विचारलं गेलं. मला वाटतं, अडवायलाच हवं होतं. 2012 च्या फेब्रुवारीत तिथली बरीच झाडं गेली. एका झाडाच्या बदल्यात नवी रोपं, हा हिशेब आपल्याही शहरांत चालतो; पण रोपाला ढोली नसते.

स्वीडनच्या ओस्टरयोटलांडमध्ये संशोधकांनी ओकांना लाकडी पेट्या बांधल्या. त्यांत ओकचा भुसा, पानं, गवत, एखादीत मेलेली कोंबडीसुद्धा घातली. काही वर्षांतच ढोलीतले बरेच किडे तिथे राहायला आले. ही धडपड मला फार मोलाची वाटते. पेटी मात्र दोनशे वर्षं टिकणार नाही. कुजली की नवी बांधावी लागेल, आणि शेजारचा तरुण ओक तोडायचा नाही, एवढं त्या माणसांच्या पणतवंडांनाही पाळावं लागेल.